बाईची पट्टी

त्या साली हिरवं म्हणून जे काही उरलं होतं, ते ओढ्याकाठच्या बाईच्या पट्टीत. बाकीचं रान भाजक्या खापरासारखं तांबूस पडलं होतं. थोरली रोज उजाडताना विळा आणि दोर घेऊन पट्टीत उतरायची, गाईंना दिवसभर पुरेल एवढं गवत कापायची, भारा बांधायची आणि ऊन चढायच्या आत गोठ्यात आणून टाकायची. घरात गडीमाणूस एकच, धाकटा दीर, आणि तो पाण्याची गाडी घेऊन दिवसभर बाहेर. धाकटी जाऊ लेकुरवाळी, तिच्या काखेतलं पोर खाली उतरायला तयार नसे. सासऱ्याला सगळे आबा म्हणत. त्याचे गुडघे गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं. थोरलीचा नवरा विहीर खणताना दरड कोसळून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तेव्हा भारा थोरलीचाच, आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं कारणही नव्हतं.

एके दिवशी ती पट्टीत उतरली तर वाट काट्यांनी बुजवलेली. पलीकडे गिरणीवाला उभा. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्याची पाणचक्की. ओढा आटल्यापासून चाकं थांबली होती, आणि रिकाम्या हाताच्या माणसाला जे सुचतं ते त्याला सुचलं होतं.

"आजपासून इकडे यायचं नाही, बाई," तो म्हणाला. "आबाला सांग, पट्टी गिरणीची आहे."

"गाई उपाशी आहेत," थोरली म्हणाली.

"माझ्याही आहेत."

तिने काटे बघितले. बाभळीचे, ताजे तोडलेले, फांद्या एकमेकींत नीट अडकवून लावलेले. घाईचं काम नव्हतं. ती रिकामा दोर खांद्यावर टाकून परत फिरली. डोक्यावर भारा नसताना त्या वाटेने चढायची तिला सवय नव्हती. मान उगाच हलकी हलकी लागत होती.

आबाने ऐकून घेतलं आणि गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग दीर जाऊन गिरणीवाल्याशी भांडून आला, तेव्हा सगळं प्रकरण कळलं. गिरणीवाल्याचं म्हणणं असं, की फार पूर्वी त्यांच्या घरची एक चाकरीची बाई खालच्या घरात दिली होती आणि तिच्या जिवापुरती ही पट्टी तिला तोडून दिली होती. बाई मेली, तिथेच पट्टीचा हक्क संपला. खालच्या घराने मात्र ती आजवर फुकट खाल्ली.

"चाकरीची कशी असेल?" आबा म्हणाला. "माझ्या आजोबांची आई ती. गिरणीची लेक होती. लेकीला रान देतात. चाकराला कोण देतं?"

"नाव काय होतं तिचं?" दिराने विचारलं.

आबाने बोटांवर पिढ्या मोजल्या. आपला बाप, बापाचा बाप, त्याचा बाप असे वरचे पुरुष तो जेवताजेवता म्हणून दाखवायचा, पार डोंगर फोडून शेत काढणाऱ्या पहिल्या माणसापर्यंत. बायांपाशी मात्र त्याची गाडी अडे. "बाई म्हणायचे तिला," तो शेवटी म्हणाला. "बाईची पट्टी म्हणतात, ती तिच्यावरूनच."

गावात असल्या भांडणांचा निवाडा म्हातारा सुतार करायचा. दोन्ही घरांची दारं त्यानेच बसवलेली, म्हणून दोन्ही घरांना तो चालायचा. त्याने सरळ सांगितलं, "लेकीचं रान लेकीच्या वंशाला जातं, चाकरीचं रान माणसाबरोबर संपतं. ती कोण होती ते दोघांनी शोधून या. पुढच्या बाजारानंतर बसू. तोवर काटे राहू देत."

त्या दिवशी संध्याकाळी थोरली धार काढत होती. गाईची कास ओल्या चिंधीसारखी मऊ पडली होती, ओढून ओढून बोटं दुखत आणि चरवीच्या तळाशी कसाबसा फेस जमे. आबा भिंतीला धरून गोठ्याच्या दाराशी आला.

"थोरले, हे तुझ्यानेच होईल," तो म्हणाला. "बायांच्या पोटातलं बायांनाच कळतं. विचार चार म्हाताऱ्यांना."

"आणि कामं?"

"धाकटी करील." त्याने जरा घसा साफ केला. "आणि ऐक. पट्टी राहिली तर ती तुझी. मरेपर्यंत कस आणि खा. तुझी म्हणून एक गाय बांध. मी शब्द देतो."

थोरलीने धार थांबवली नाही. पण हात जरा अडखळला, आणि गाईने मान वळवून पाहिलं. त्या घरात तिची म्हणता येईल अशी वस्तू म्हणजे एक ट्रंक, ती पण कडी मोडलेली. नवरा गेल्यावर ती एकदा माहेरी गेली होती. भावाने एक रात्र ठेवून घेतलं, चांगलं जेवू घातलं आणि सकाळी स्वतः गाडी जुंपून आणून सोडलं. जाताना आबाला म्हणाला, "अमानत आहे तुमची." त्यानंतर ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आधी कचेरीत गेली. कारकून बरा होता. त्याने जुनं जेवढं होतं तेवढं काढून बघितलं. खालच्या घराच्या पुरुषांची नावं सापडली, त्यांच्या शेतांच्या हद्दी सापडल्या, एकाने पाळलेल्या बैलाचा रंगसुद्धा सापडला. बाईच्या जागी नुसतं 'कुटुंब' लिहिलेलं.

"बाया लिहीत नव्हते का?" थोरलीने विचारलं.

"लिहून करायचं काय?" कारकून म्हणाला. तो वाईट अर्थाने बोलला नव्हता. हद्द दाखवायला बाईचा उपयोग नव्हता, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

तिथून ती गिरणीच्या मागच्या अंगाने गेली. गिरणीवाल्याची आंधळी आत्या मागच्या खोलीत राहायची. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बोटांनी धान्यातले खडे शोधायची. थोरलीने पायरीवर बसून आपण कोण ते सांगितलं. म्हातारीचा हात सुपात थांबला.

"खालच्या घरची का? मग कशाला आलीस, उघड आहे."

"ती तुमची लेक होती का आत्या?"

"लेक नव्हती."

"मग चाकर?"

म्हातारीने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. आत गिरणीवाला कुठेतरी खोकला. तिने आवाज उतरवला. "मी भाच्याच्या घरात बसून खाते, पोरी. डोळे गेलेल्या माणसाला जीभ सांभाळावी लागते. वरच्या वाडीला सुईण आहे, तिच्या आजीच्या हातून तुमच्या घरातली पोरं झालेली. तिला विचार. आणि माझं नाव काढू नकोस."

वाडीची वाट चढणीची. थोरलीच्या वहाणेचा अंगठा तुटला, तो तिने गवताच्या काडीने बांधला, काडी तुटली, मग वहाणा हातात घेतल्या. वाटेतले दगड तापलेले होते. सुईण सावलीत बसून कापसाच्या गाद्या उसवत होती. फार म्हातारी, पण मनगटं अजून पुरुषासारखी. तिने थोरलीचे पाय बघितले, पाणी दिलं आणि म्हणाली, "बस. आणि माझ्याबरोबर उसव. हात चालू असले की मला आठवतं."

दोघी उसवत बसल्या. सुईणीला हे तिच्या आजीने सांगितलेलं, आजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. एका वाईट सालात डोंगरापलीकडून एक मेंढका आला. बायको वाटेत मेलेली, मेंढरं मेलेली, बरोबर एक मुलगी. त्याने तिला गिरणीवर ठेवलं. चार दिवसांत येतो, म्हणाला. आला नाही. मेला की विसरला, कुणास ठाऊक. मुलगी पहिली काही वर्षं रोज संध्याकाळी गिरणीला पाणी आणणाऱ्या पाटाच्या कडेवर उभी राहून डोंगराकडे बघायची, म्हणून तिला गिरणीवरचे 'वाटबघी' म्हणायचे. मग ते नावही मागे पडलं. ती पाटातला गाळ काढायची, पोती वाहायची. अंगाने थोराड होती. गिरणीच्या थोरल्या मुलाने तिला पोत्यांच्या खोलीत गाठलं.

"मग?" थोरलीने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"मग काय. पोट दिसायला लागलं. गिरणीचं नाव मोठं. तुमच्या घरात तेव्हा एक लंगडा पोरगा होता, लग्न जमत नव्हतं. त्याच्या गळ्यात बांधली आणि बरोबर ओढ्याकाठचं रान दिलं. अट एकच, बाईने पुन्हा पाट ओलांडून वर यायचं नाही. पोर झालं ते माझ्या आजीच्या हातात. तेव्हाच्या गिरणीवाल्याने निरोप पाठवून मुलगा का मुलगी विचारलं, मुलगा म्हटल्यावर पट्टी कायमची केली. तेव्हा बाळे, पट्टी तिला दिली नव्हती कुणी. ती पोराला दिली होती. पुढे लंगड्यापासून तिला आणखी एक मुलगा झाला."

थोरलीच्या बोटांतला दोरा थांबला. पहिला मुलगा म्हणजे आबाचा आजोबा. दुसऱ्याचा वंश म्हणजे भिंतीपलीकडचं घर, आबाचे चुलत भाऊबंद. थोरल्या शाखेचे म्हणून विहीर आणि माथ्यावरचं शेत आबाकडे होतं, आणि पलीकडच्या घराच्या डोळ्यांत ते कायम सलत आलं होतं.

"ती कधी गेली नाही का?" तिने विचारलं. "पळून?"

"गेली ना. दोनदा. एकदा पोराला पाठीशी बांधून पार खिंडीपर्यंत पोचली होती. लंगडा गाढवावर बसून मागे गेला आणि आणली. तुमच्या गोठ्याशेजारी खोली आहे बघ, बाहेरून कडी असलेली?"

"आहे," थोरली म्हणाली. "मी झोपते तिथे."

सुईणीने तिच्याकडे एकदा पाहिलं. "ती कडी तेव्हाची," ती म्हणाली, आणि दाताने दोरा तोडला. "शेवटी शेवटी दार उघडं असलं तरी बाहेर यायची नाही म्हणे. हाक मारावी लागायची."

उतरताना थोरलीला ऊन लागलं नाही, पायही भाजले नाहीत. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पट्टी राहते. पोर गिरणीचं, पट्टी पोराची, पोराचा वंश आबा. सुतारासमोर हे सांगितलं की गिरणीवाल्याला काटे उचलावे लागतील, आणि पट्टी तिची. ओढ्याच्या कोपऱ्यावर खांब कुठे रोवायचा आणि गाय कुठे बांधायची, हेसुद्धा तिने चालताचालता ठरवून टाकलं. फार दिवसांनी तिला भूक लागली होती.

आबा अंगणात बाजेवर होता. तिने खाली बसून सगळं सांगितलं. सुरुवातीला तो "हां, हां" करत होता. मग हां थांबलं. तिचं बोलणं संपलं तेव्हा धाकटीचं पोर रडत होतं आणि पलीकडच्या घरात कुणीतरी लाकडं फोडत होतं. आबाने कान देऊन तो आवाज ऐकला.

"म्हणजे आम्ही..." तो म्हणाला आणि थांबला.

"पट्टी राहते, आबा."

"पट्टी राहते," आबा म्हणाला. "आणि विहीर? माथ्यावरचं शेत? उद्या हे चव्हाट्यावर आलं की पलीकडचे म्हणतील, खरा वंश आमचा, तुम्ही गिरणीचे. उठा. कुठे जाशील मग? तुझी गाय कुठे बांधशील?"

हे थोरलीच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. वाटेत आलं होतं, तिने ते बाजूला सारलं होतं.

"सुईणीचं वय झालंय," आबा म्हणाला. "भ्रमिष्ट आहे ती. तू काही ऐकलं नाहीस. कळलं का?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"पट्टी राहिली तर, म्हणालो होतो." त्याने तोंड फिरवलं. वरच्या पुरुषांची नावं घेताना तो ताठ बसायचा. आता त्याची पाठ बाजेत खचली होती, आणि थोरलीला त्याची दया आली. त्या दयेचाच तिला राग आला.

निवाडा सुताराच्या शेडखाली झाला. भुशावर पोती टाकून माणसं बसली. गिरणीवाला लवकर येऊन चांगली जागा धरून बसला होता. पलीकडच्या घरचे दोघे भाऊ मागे उभे होते, करमणूक बघायला आल्यासारखे. आबाला दिराने पाठीवर बसवून आणलं. थोरली खांबापाशी उभी राहिली.

गिरणीवाला त्याचं म्हणणं बोलला. सुताराने आबाकडे मान वळवली. "आबा, लेक का चाकर?"

आबाने मागे उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "चाकर होती," तो म्हणाला.

माणसांत कुजबुज झाली. दिराला काहीच माहीत नव्हतं. तो चिडून म्हणाला, "आबा, तुम्ही तर लेक म्हणत होता."

"म्हणत होतो. चुकलो."

सुतार अनुभवी माणूस. झाकली मूठ त्याला लांबून ओळखू यायची. त्याने रंधा बाजूला ठेवला आणि खांबाकडे बघितलं. "थोरले, तू विचारत फिरलीस असं कानावर आलं. तुला काय कळलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आबाचा चेहरा तिला दिसत नव्हता, फक्त हात दिसत होते. गुडघ्यांवर पालथे ठेवलेले. तिने तोंड उघडलं असतं तर पट्टी राहिली असती आणि घर गेलं असतं. मिटलं तर घर राहणार होतं, बाहेरून कडी असलेल्या खोलीसकट. भावाची जुंपलेली गाडी तिला आठवली. डोंगराकडची वाटही आठवली, तापलेल्या दगडांची, आणि त्या वाटेने जाऊन पोचायचं असं तिच्याजवळ काहीही नव्हतं.

"मेंढक्याची लेक होती," ती म्हणाली. "डोंगरापलीकडच्या. बाप तिला गिरणीवर ठेवून गेला आणि आला नाही. ती वाट बघायची."

"बरं. आणि पुढे?"

"पुढे आमच्या घरात आली. राबली आणि मेली."

"म्हणजे चाकरच," गिरणीवाला म्हणाला.

सुताराने मांडीवरचा भुसा झटकला. मग त्याने पट्टी गिरणीची म्हणून सांगितलं आणि पुन्हा रंधा हातात घेतला. पलीकडच्या घरचा एक भाऊ जाताजाता म्हणाला, "आपल्या पणजीचं माहेर मेंढरांत निघालं की," आणि दोघे हसले. आबानेही थोडं हसून घेतलं. तेवढ्यावर सुटलो, असं ते हसणं होतं.

त्यानंतर घरात थोरलीचा मान वाढला. धाकटी तिला आधी वाढायची, कारण आबाने तसं सांगितलं होतं. आबा स्वतः तिच्याशी नीट बोलायचा, "दमलीस का" म्हणून विचारायचा. पण ती अंगणाबाहेर निघाली की त्याचा आवाज यायचा, "थोरले, कुठे?" ओढ्यावर, म्हटलं तरी तो मान उंच करून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचा. वाडीकडची वाट तिने धरली नाही. सुईण आजारी आहे असं कळलं, तेव्हाही नाही.

गाईंपैकी एक विकली. बाकीच्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. गिरणीवाल्याकडे गवत होतं, पण कापायला माणूस नव्हतं. चाकावर बसून खाल्लेल्या घरात विळा कुणाला धरता येत नव्हता. त्याने निरोप पाठवला, थोरलीने येऊन कापावं, चार भारे गिरणीचे आणि पाचवा तुमचा. दीर म्हणाला, "मी मरेन पण वहिनीला पाठवणार नाही." आबा म्हणाला, "गाई मरतील." मग दीर पाण्याची गाडी घेऊन निघून गेला, आणि थोरलीने विळ्याला धार लावली.

काटे बाजूला ओढून वाट केलेली होती. गवत आता कंबरेएवढं झालं होतं, बुडाशी राठ. ती बसून कापू लागली. मूठ धरायची, ओढायची, कापायची, मागे टाकायची. काड्यांनी मनगटं ओरखडली. दुपार कलली तोवर चार भारे बांधून झाले. गिरणीच्या गड्याने ते एकेक करून वर नेले. पाचवा बांधत होती तेव्हा गिरणीवाला उतरून आला आणि काठावर बसला. त्याला बोलायचं होतं.

"काम चोख आहे तुझं, वहिनी."

याआधी तो तिला बाई म्हणायचा. तिने गाठ आवळली.

"तू बोलली नाहीस त्या दिवशी," तो म्हणाला. "शहाणपणाचं केलंस. आबा बोलणार नाही हे मला ठाऊकच होतं."

थोरलीने मान वर केली.

"आत्याने मला केव्हाच सांगून ठेवलंय सगळं. लहानपणीच. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे." तो गंमत वाटल्यासारखा हसला. "तसं बघितलं तर आपण भाऊबंदच. तुझा नवरा माझा भाऊ लागत होता."

ओढ्यात पाणी नव्हतं, दगडांवर पांढरी रेघ तेवढी होती. थोरली त्या रेघेकडे बघत उभी राहिली. मग तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि भाऱ्यापाशी आली. ओल्या गवताचा भारा, एकट्या माणसाला डोक्यावर चढवणं जड.

"भाऊबंद आहात," ती म्हणाली, "तर हात लावा. भारा उचलायचाय."

गिरणीवाला उठला. खरंच उठला, दोन पावलं पुढेही आला. मग त्याने वर गिरणीकडे पाहिलं. पाटाच्या कडेवर गडी उभा होता, आणि गड्याची बायको. त्याने हात झटकले, जणू त्यांना माती लागली होती.

"संध्याकाळच्या आत वाटेवर काटे लावून जा," तो म्हणाला आणि चढू लागला.

थोरली त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत थांबली नाही. तिने भारा ओढत काठाच्या उंचवट्यापर्यंत नेला, त्यावर टेकवला, स्वतः खाली गुडघ्यांवर बसली, डोकं भाऱ्याखाली घातलं आणि एक हात जमिनीवर रोवून उठली. पहिल्यांदा तोल गेला. दुसऱ्यांदा उठली. पायांनी वाटेतले काटे जागच्या जागी सरकवले, एक पोटरीत मोडला, तो काढायला वाकता येत नव्हतं. वर घराच्या अंगणात आबा भिंतीला धरून उभा होता. लांबूनच त्याने हाक दिली, "थोरले, आलीस का?"

"आले," ती म्हणाली आणि चढायला लागली.